ज्वारीच्या वाणातील गुणस्थैर्याचा प्रश्न : मराठवाड्याच्या दृष्टीने एक ऐतिहासिक विचार

नांदेडहून उत्तरेकडे निघालेल्या रस्त्यास कळमनुरी तालुक्यात वारंगा फाट्याजवळ दोन वाटा फुटतात. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते. दुसरी हदगाव, उमरखेड या गावांवरून यवतमाळ आणि पुढे नागपूर गाठते. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत कळमनुरी-हिंगोलीचा हा भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. आज या रस्त्यांच्या दुतर्फा सोयाबीन, हळद, कापूस आणि ऊस ही पिके दृष्टीस पडतात. ज्वारीचे शेत मधूनच कोठे दिसते. परंतु दोन पिढ्यांपूर्वी माणसांची भाकरी आणि जनावरांचा कडबा या दोहोंचा आधार ज्वारी हाच होता, आणि त्या ज्वारीच्या बियाण्याचा इतिहास हा या प्रदेशाच्या कृषिजीवनाचाच इतिहास होय.

तृणधान्यांत प्रयोगशाळेत घातलेल्या परकीय जनुकाची अभिव्यक्ती पिढ्यानुपिढ्या स्थिर कशी राखावी, हा प्रश्न अलीकडच्या वनस्पतिविज्ञानात विशेष चर्चिला जातो. हा प्रश्न सर्वस्वी नवा आहे अशी समजूत सामान्यतः आढळते. ही समजूत अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. वाणात आणलेला इष्ट गुण पुढच्या पिढीत टिकेल काय, आणि टिकला तरी प्रत्येक हंगामात, प्रत्येक शेतात सारख्याच प्रमाणात प्रकट होईल काय, हे दोन प्रश्न मराठवाड्याच्या ज्वारीस तीन वेळा विचारले गेले. पहिल्यांदा ते देशी वाणाला, दुसऱ्यांदा संकरित वाणाला आणि तिसऱ्यांदा जनुक-परिवर्तित रोपाला विचारले गेले. तिन्ही वेळा मिळालेली उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर आजच्या संशोधकास त्यांतून काही बोध घेता येईल.

१. देशी वाण आणि निवड

शेतकऱ्याची जुनी पद्धत साधी होती. कापणीपूर्वी उभ्या पिकातून भरदार कणसे निवडावयाची, ती वेगळी बांधून घरात आढ्याला टांगावयाची आणि पुढच्या पेरणीस त्यांचेच दाणे वापरावयाचे. ज्वारीच्या फुलात स्वपरागण प्रामुख्याने होते. तथापि काही प्रमाणात परपरागणही घडते. त्यामुळे देशी वाण हा कधीही पूर्णपणे एकजिनसी नसे. त्यात थोडी विविधता सतत शिल्लक राही, आणि शेतकऱ्याची दरवर्षीची निवड त्या विविधतेला एका मर्यादेत ठेवी. अशा वाणाचे स्थैर्य प्रत्येक रोप सारखे असण्यावर अवलंबून नव्हते. एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर काही रोपे मार खात आणि काही तग धरीत. समूहाचे सरासरी वर्तन मात्र फारसे ढळत नसे.

या जनतेच्या ज्ञानावर शास्त्रीय निवडीचा संस्कार झाला तो १९३० च्या दशकात, सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात. तेथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘एम. ३५-१’ हा वाण पुढे रब्बी ज्वारीचा मानदंड ठरला. दख्खनच्या काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढणे, मोत्यासारखा दाणा देणे आणि कडबाही भरपूर देणे हे त्याचे गुण कित्येक दशके टिकून राहिले. त्यानंतर नवनवीन वाण आले, तरी रब्बी ज्वारीची तुलना करताना आजही मालदांडीचेच नाव प्रथम घेतले जाते. गुणस्थैर्य हे केवळ जनुकांच्या ठिकाणी नसून जनुके आणि प्रदेश यांच्या दीर्घ सहवासात असते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

२. संकरित ज्वारी आणि तीन वाणांची व्यवस्था

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत अन्नधान्याची टंचाई हा राष्ट्रापुढील मुख्य प्रश्न होता. अशा वेळी अमेरिकेतील एका शोधाकडे भारतीय संशोधकांचे लक्ष वेधले गेले. टेक्सासमधील स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी १९५४ मध्ये असे दाखविले की, मायलो जातीच्या ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर जातीची केंद्रकीय जनुके आणली असता रोपाचे पराग निष्फळ होतात, मात्र स्त्रीकेसर निरोगी राहतो. ज्वारीच्या इवल्याशा फुलातील पुंकेसर हाताने काढणे व्यवहारात अशक्यप्राय असल्यामुळे या पेशीद्रव्यीय नरवंध्यत्वाचे महत्त्व फार मोठे होते. त्याच्या बळावर संकरित बियाणे शेतावर मोठ्या प्रमाणात तयार करणे शक्य झाले.

या पद्धतीत तीन वाण लागतात. पहिला नरवंध्य वाण. दुसरा त्याचे नरवंध्यत्व पुढच्या पिढीत जसेच्या तसे राखणारा संधारक वाण. आणि तिसरा, संकरित रोपात परागांची फलनक्षमता परत आणणारा पुनर्स्थापक वाण. भारतीय कृषि संशोधन परिषदेने रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सहकार्याने चालविलेल्या कार्यक्रमातून १९६४ मध्ये ‘सी.एस.एच.-१’ हा भारताचा पहिला संकरित ज्वारीचा वाण बाहेर पडला. त्याची माता ‘सी.के.-६० ए’ हा अमेरिकन नरवंध्य वाण, तर पिता ‘आय.एस.-८४’ हा होता. या कार्यात डॉ. एन. जी. पी. राव यांचा वाटा मोठा होता. हेच राव पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि संकरित बियाण्याचा व्यवसाय मराठवाड्याच्या मातीत रुजला. वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते; संकरित ज्वारीच्या प्रसारास त्यांनी शासनाचे पाठबळ दिले. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ मध्ये त्यास नाईकांचेच नाव देण्यात आले, हे या दृष्टीने औचित्यपूर्ण म्हणावे लागेल.

‘हायब्रीड’ हा शब्द त्या काळात खेडोपाडी पोहोचला. उंच वाढणाऱ्या आणि उशिरा येणाऱ्या देशी खरीप ज्वारीच्या जागी बुटकी, सुमारे शंभर दिवसांत येणारी आणि भरघोस दाणा देणारी ज्वारी उभी राहिली. परंतु थोड्याच वर्षांत गुणस्थैर्याचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. तो तीन अंगांनी पाहणे सोयीचे होईल.

पहिले अंग वंशागतीचे. संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या नियमानुसार गुणांची फाटाफूट होते. एक रोप उंच, दुसरे ठेंगणे, एखादे वांझ, असे मिश्रण शेतात उगवते. आढ्याला टांगलेले कणीस येथे निरुपयोगी ठरते आणि शेतकऱ्यास दरवर्षी बियाणे विकत आणावे लागते. शास्त्राच्या दृष्टीने ही लहानशी बाब असली तरी समाजाच्या दृष्टीने फार मोठी होती, कारण बियाणे राखण्याचा अधिकार आणि त्यामागील कौशल्य ही दोन्ही घराबाहेर गेली.

दुसरे अंग अभिव्यक्तीचे. पुनर्स्थापक जनुक रोपात असला तरी तो सर्व हवामानांत सारखे काम करतोच असे नाही. मायलो पेशीद्रव्यावर आधारलेल्या संकरांत, फुलोऱ्याच्या काळात रात्रीचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यास फलनक्षमता नीट परत येत नाही व कणसे रिकामी राहतात. उलट उन्हाळ्यात तापमान ४२ अंशांच्या वर गेल्यास नरवंध्य वाणातच सफल पराग निर्माण होऊ लागतात आणि बीजोत्पादनाची शुद्धता बिघडते. खरिपात यशस्वी ठरलेली संकर-पद्धती रब्बीत अडखळली, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण होय. जनुकाचे अस्तित्व आणि जनुकाची अभिव्यक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा मराठवाड्याच्या शेतात या प्रकारे रेणुजीवशास्त्राच्या आगमनापूर्वीच मिळालेला होता.

तिसरे अंग परिसराचे. लवकर पक्व होणाऱ्या संकरित ज्वारीचा दाणा पाऊस संपण्यापूर्वीच भरे आणि भिजून त्यावर बुरशी चढे. काळवंडलेल्या दाण्यास बाजारात भाव मिळत नसे, आणि भाकरीच्या चवीविषयीही घरोघरी तक्रार असे. खोडमाशी व मिजमाशी यांचा उपद्रव वाढला. पुढे आलेल्या ‘सी.एस.एच.-५’, ‘सी.एस.एच.-९’ इत्यादी संकरांत यांतील काही दोष कमी करण्यात संशोधकांना यश आले. ‘सी.एस.एच.-९’ तर महाराष्ट्रात दीर्घकाळ लोकप्रिय राहिला. तथापि अधिक उत्पन्न म्हणजे अधिक निश्चिती नव्हे, ही जाणीव या अनुभवाने पक्की केली.

३. परकीय जनुकाचा प्रवेश

तृणधान्यांत बाहेरून जनुक घालण्याचे प्रयत्न प्रारंभी फार अवघड ठरले. द्विदल वनस्पतींत जनुक वाहून नेणारा अॅग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू तृणधान्यांना सहसा बाधत नाही. म्हणून कॉर्नेल विद्यापीठातील सॅनफर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात सूक्ष्म धातुकणांवर डी.एन.ए. चढवून ते पेशीत वेगाने घुसविण्याचे यंत्र सिद्ध केले. भातात १९८८ मध्ये, मक्यात १९९० मध्ये, गव्हात १९९२ मध्ये आणि ज्वारीत १९९३ मध्ये जनुक-परिवर्तित रोपे मिळाली. जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये भातावर अॅग्रोबॅक्टेरियमचा प्रयोग यशस्वी करून दाखविला, आणि २००० साली तीच पद्धत ज्वारीतही साधली.

रोपे मिळाली, परंतु त्यांतील जनुक नेहमीच बोलत नव्हते. याची पहिली स्पष्ट सूचना धान्याने दिली नाही. ती पेटुनियाच्या फुलाने दिली. जर्मनीतील कोलोन येथे १९९० मध्ये मक्यातील रंगजनुक घातलेली सुमारे ३०,००० पेटुनियाची रोपे शेतात लावण्यात आली. हंगामाच्या आरंभी फुले विटकरी-लाल आली. पुढे उन्हाळा वाढत गेला तसा अनेक रोपांतील फुलांचा रंग फिका पडत गेला. जनुक जागच्या जागी होते, पण त्याच्या प्रवर्तक भागावर मिथिल गटांचे लेप चढून ते मूक झाले होते. त्याच १९९० मध्ये नेपोली, जॉर्गेन्सन आदींनी असे दाखविले की, पेटुनियाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी त्याच जनुकाची जादा प्रत घातली असता काही फुले उलट पांढरी होतात. म्हणजे आगंतुक प्रत आपल्याबरोबर मूळच्या जनुकासही गप्प बसविते. फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये प्राण्यांत, आणि हॅमिल्टन व बॉलकोम्ब यांनी १९९९ मध्ये वनस्पतींत केलेल्या संशोधनाने या घटनेमागील लघु आर.एन.ए.ची यंत्रणा उलगडली. वस्तुतः ही यंत्रणा म्हणजे विषाणू आणि उड्या मारणारे जनुकघटक यांपासून स्वतःचे रक्षण करण्याची वनस्पतीची जुनी तटबंदी होय. मक्याच्या दाण्यावरील ठिपक्यांवरून बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात ज्या चंचल घटकांचा शोध लावला, त्यांवरही अशाच प्रकारचे नियंत्रण असते.

यावरून अस्थैर्याची प्रमुख कारणे स्पष्ट होतात. कणांच्या माऱ्याने जनुकाच्या अनेक प्रती एकाच जागी गुंतागुंतीने बसतात. अशा पुनरुक्त प्रतींवर पेशीची नजर लवकर पडते आणि त्या मूक केल्या जातात. जनुक गुणसूत्राच्या निष्क्रिय भागात बसल्यास त्याची अभिव्यक्ती क्षीण होते, आणि एखाद्या उपयुक्त जनुकाच्या मध्येच बसल्यास त्या जनुकाचा नाश होतो. फुलकोबीच्या विषाणूतून घेतलेला प्रवर्तक द्विदलांत प्रभावी असला तरी तृणधान्यांत दुबळा ठरतो. म्हणून मक्याच्या युबिक्विटिन आणि भाताच्या अॅक्टिन जनुकांचे प्रवर्तक वापरात आले. उपायही त्याच दिशेने शोधले गेले : एकच प्रत बसलेली रोपे निवडणे, जनुकाच्या दोन्ही बाजूंस केंद्रकातील जाळ्याशी जोडणारे खंड ठेवणे, आणि अलीकडे जनुक-संपादनाच्या साहाय्याने ठरावीक जागीच बदल करणे.

भारतातील दोन अनुभव येथे नमूद करणे अवश्य आहे. हैदराबाद येथील ज्वारी संशोधन केंद्र आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये जीवाणूतील कीडनाशक ‘क्राय-१ एसी’ जनुक घातलेल्या ज्वारीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. खोडकिड्याविरुद्ध योजलेला हा जनुक, पानास जखम झाली असताच जागा होणाऱ्या मक्याच्या प्रवर्तकाखाली ठेवलेला होता. कल्पना चातुर्याची होती. परंतु जखमी पानांतही विषारी प्रथिनाचे प्रमाण ग्रॅममागे अवघे काही नॅनोग्रॅम भरले, आणि किडीपासून संरक्षण अंशतःच लाभले. दुसरा अनुभव सोनेरी तांदळाचा. धान्याच्या गाभ्यात कॅरोटीन निर्माण करणारा हा भात २००० साली प्रथम सिद्ध झाला व २००५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यांपैकी ‘जी.आर.-२ आर-१’ या परिवर्तनाचा संकर दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत स्वर्णा या लोकप्रिय वाणाशी करण्यात आला. २०१७ मध्ये तेथील संशोधकांनी दाखविले की, परकीय जनुक भाताच्या वृद्धिसंप्रेरक-वाहक अशा एका जनुकातच जाऊन बसला होता. परिणामी दाणा सोनेरी झाला, पण रोपे खुजी, फिकट आणि कमी उत्पन्नाची निपजली. गुण स्थिर होता, मात्र त्याची किंमत सर्व रोपाने चुकविली होती.

महाराष्ट्राला या प्रश्नाची प्रत्यक्ष ओळख झाली ती तृणधान्यात नव्हे, कापसात. बी.टी. कापसास २००२ मध्ये मान्यता मिळाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील क्रांती आणि सहकारी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पिकाचे वय वाढते तसे कीडनाशक प्रथिनाचे प्रमाण घटत जाते. शिवाय ते पानात अधिक, तर बोंडाच्या सालीत व फुलातील बीजकोशात सर्वांत कमी असते. म्हणजे अळी ज्या भागावर हल्ला करते तेथेच संरक्षण दुबळे. पुढे गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाली आणि २०१७ मध्ये राज्यातील कापूस उत्पादकांना तिचा जबर फटका बसला. या संकटाची कारणे अनेक आहेत. तथापि असमान अभिव्यक्ती हे त्यांपैकी एक कारण मानले पाहिजे.

४. परभणीचे एक उत्तर

या पार्श्वभूमीवर २०१८ मधील एक घटना विशेष विचारार्ह आहे. त्या वर्षी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण प्रसृत केला. लोह व जस्त यांनी समृद्ध असा हा भारतातील पहिला ज्वारीचा वाण होय. त्यात लोहाचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४५ आणि जस्ताचे सुमारे ३२ आहे. सामान्य वाणांत ही प्रमाणे अनुक्रमे ३० व २० च्या आसपास असतात. हे कार्य परकीय जनुकाविना, ज्वारीच्या स्वतःच्या विविधतेतून निवड करून साधण्यात आले. आणि हा संकर नसून सरळ वाण असल्यामुळे शेतकऱ्यास त्याचे बियाणे घरी राखता येते. आढ्याला टांगलेल्या कणसाची परंपरा येथे शास्त्राच्या हातात हात घालून परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

याचा अर्थ परकीय जनुकाचा मार्ग सर्वथा त्याज्य आहे, असा मात्र नव्हे. जो गुण पिकाच्या ठिकाणी मुळातच पुरेसा नाही, तेथे निवडीचे हात तोकडे पडतात. आफ्रिकेसाठी विकसित केलेल्या जीवनसत्त्व-समृद्ध ज्वारीचे उदाहरण घ्यावे. त्यात कॅरोटीन निर्माण झाले, पण साठवणीत ते चार आठवड्यांच्या आतच निम्मे होई. ई-जीवनसत्त्व वाढविणारा आणखी एक जनुक घातल्यावर हा काळ सरासरी दहा आठवड्यांपर्यंत लांबला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे स्थैर्याची कसोटी शेताच्या बांधावर संपत नाही. ती धान्याच्या कोठारापर्यंत पोहोचते. ज्या प्रदेशात ज्वारी पेवात आणि कणगीत महिनोन्‌महिने साठविली जात असे, तेथील अभ्यासकास ही कसोटी अपरिचित वाटू नये.

५. उपसंहार

येणेप्रमाणे तीन कालखंडांतील अनुभवांचा मेळ घातला असता गुणस्थैर्याचे तीन स्तर वेगळे करावे लागतात. जनुक पुढील पिढीत जातो की नाही, हा पहिला स्तर. गेलेला जनुक सर्व हंगामांत, रोपाच्या सर्व वयांत आणि नेमक्या अवयवात पुरेसा प्रकट होतो की नाही, हा दुसरा. आणि प्रकट झालेला गुण शेतकऱ्याच्या घरापर्यंत, बाजारापर्यंत व ताटापर्यंत टिकतो की नाही, हा तिसरा. प्रयोगशाळेतील अहवाल बहुधा पहिल्या स्तरावर थांबतात. क्वचित दुसऱ्यास स्पर्श करतात. शेतकऱ्याचे नुकसान मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरांवर होते. रिकामे कणीस, काळा पडलेला दाणा आणि कीड लागलेले बोंड या तीन गोष्टींत हे नुकसान मराठवाड्याने प्रत्यक्ष सोसले आहे, आणि त्याची भरपाई कोणत्याही बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेली नव्हती.

सबब नव्या तृणधान्य-वाणाची परीक्षा करताना किमान चार-पाच पिढ्यांची वंशागती, खरीप व रब्बी या दोन्ही हंगामांतील अभिव्यक्तीचे मापन, आणि कोरडवाहू शेतावरील अनेक वर्षांचे निरीक्षण यांचा आग्रह धरणे इष्ट होय. बरूसारख्या रानटी सगोत्र वनस्पती ज्वारीच्या बांधावरच उगवत असल्याने परागांद्वारे जनुक बाहेर जाण्याचा विचारही याच परीक्षेत झाला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये केंद्र शासनाने परकीय जनुक नसलेल्या जनुक-संपादित वनस्पतींना काही कठोर नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये अशा प्रकारच्या भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली. नियम सैल झाले म्हणजे परीक्षाही सैल व्हावी, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट निरीक्षणाची जबाबदारी विद्यापीठांवर अधिक येते.

हे निरीक्षण करण्यास दूर जावयाचे कारण नाही. वारंगा फाट्याच्या परिसरात आजही थोडीबहुत ज्वारी उभी असते, आणि १९६० च्या दशकातील हायब्रीडची आठवण सांगणारी वृद्ध मंडळीही भेटतात. कोणते बियाणे कोणत्या वर्षी फसले, कोणत्या रात्रीच्या थंडीत कणसे भरली नाहीत, कोणती भाकरी घरात कोणास रुचली नाही, या आठवणी म्हणजे गुणस्थैर्याची लेखी न आलेली नोंदवहीच होय. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेच्या नोंदवहीबरोबर हीही नोंदवही भरावी. ती भरली जाण्यापूर्वी तिचे मूळ वक्ते आपल्यातून निघून जाऊ नयेत, एवढीच या लेखामागील इच्छा आहे.